मॅनेजरने स्टुलावर बसू नये

माझा नवरा बुटांच्या दुकानात सेल्समन आहे. हे वाक्य आज मी सरळ उच्चारते, पण सत्तावीस वर्षं मी ते नाना तऱ्हांनी फिरवून सांगत आले. "ते एका मोठ्या शोरूममध्ये असतात," असं म्हणायचं आणि पुढचा प्रश्न यायच्या आत समोरच्याच्या मुलांची चौकशी सुरू करायची. या कलेत माझा हात कोणी धरला नसता.

त्यांना मात्र यात लपवण्यासारखं काही दिसायचंच नाही. धाकट्या दिरांनी नवीन घर घेतलं तेव्हाची गोष्ट. दीर मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि जाऊबाईंच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला तो हुद्दा येतो. भरल्या घरात दिरांनी ओळख करून दिली, "हा माझा मोठा भाऊ. फुटवेअरच्या धंद्यात आहे." किती छान सांगितलं होतं! तेवढ्यावर भागलं असतं. पण आमचे हे हसून म्हणाले, "धंदा मालकांचा हो. मी लोकांच्या पायात बूट घालतो." सगळे हसले. मलाही हसावं लागलं, पण आतून माझा नुसता जळफळाट झाला.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि तोंड उघडलं.

"तुम्हाला काही व्हायचंच नाही का हो आयुष्यात?"

"म्हणजे काय व्हायचं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांच्या कामाचं मला काही माहीत नव्हतं, अशातला भाग नाही. माहीत होतं, पण त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. "तुमचा नंबर किती?" असं ते गिऱ्हाइकाला कधी विचारत नाहीत. लोक स्वतःचा नंबर ऐकीव सांगतात, असं त्यांचं म्हणणं. ते आधी स्टुलावर बसून समोरच्याचा जुना बूट काढून घेतात, उलटा करतात आणि सोल कुठे झिजलाय ते बघतात. मग दोन्ही पायांचं माप, कारण कुणाचेच दोन पाय सारखे नसतात. मग उभं राहायला सांगून पुन्हा माप, कारण वजन पडलं की पाय पसरतो. सकाळी सकाळी कोणी आलं तर त्याला चक्क परत पाठवतात. "संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय जरा फुगतो, तेव्हाचं माप खरं." सुरुवातीला मालकांनी यावरून त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. पण परत पाठवलेली माणसं संध्याकाळी येताना शेजाऱ्यालाही घेऊन यायला लागली, तेव्हा मालक गप्प बसले.

एका बाईंच्या डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने पार घासून गेलेली पाहून ते म्हणाले, "ताई, बूट मी देईन. पण आधी कंबर दाखवून घ्या." बाई रागावून निघून गेल्या. चार महिन्यांनी परत आल्या, कंबरेचं दुखणं वेळेवर कळलं म्हणून डोळ्यांत पाणी आणून सांगायला लागल्या, तर हे त्यांच्या नव्या सोलकडे बघत होते. म्हणाले, "आता सरळ झिजतोय." चेहरे त्यांच्या लक्षात राहतच नाहीत. रस्त्यात कुणी हाक मारली की आधी खाली बघतात आणि मग म्हणतात, "अरे, तुम्ही होय!" सगळं गाव त्यांना पायवाले काका म्हणतं.

तर या पायवाल्या काकांना मालकांनी मॅनेजर व्हायला सांगितलं. दुसरं दुकान निघणार होतं, काचेची केबिन, फिरती खुर्ची, सगळं होतं. मालकांना प्रत्येक गोष्ट लेखी लागते, म्हणून शनिवारपर्यंत होय की नाही ते लिहून द्यायचं होतं. मला तर आकाश ठेंगणं झालं. जाऊबाईंना काय काय आणि कुठल्या क्रमाने सांगायचं, तेही मी मनात ठरवून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी ते कागद घेऊन आले. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नाही, त्यामुळे घरातलं सगळं लिखाण माझ्याकडे. मी पेन घेऊन बसले आणि ते सांगायला लागले, "लिही. आपण मला विचारलंत याचा आनंद वाटला. पण मी आहे तिथेच बरा आहे. केबिनमधून पाय दिसत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. पण मी एक शब्द बोलले नाही. मान खाली घालून लिहिलं, "आपण मला विचारलंत याचा आनंद वाटला. ही जबाबदारी मी मनापासून स्वीकारतो." कागद पुढे केला. चष्मा आतल्या खोलीत होता. तो आणायलाही ते उठले नाहीत. मी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून त्यांनी न वाचता सही केली.

त्या सहीकडे बघताना कागद फाडून टाकावा असं क्षणभर वाटलं होतं, ते मी कबूल करते. पण मी स्वतःला बजावलं, की हा माणूस स्वतःहून एक पायरी चढणार नाही, याला ढकलायलाच हवं.

सोमवारी ते नेहमीपेक्षा लवकर घरी आले. हातपाय धुऊन समोर बसले.

"तुझ्याकडून लिहिताना काही राहिलं का गं?"

"राहिलं नाही. मी मुद्दाम तसं लिहिलं." मी भांडायच्या तयारीनेच उभी होते. पदर खोचला होता म्हटलं तरी चालेल.

त्यांनी हात पुसलेला टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाले, "बरं." आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या दुकानात जायला लागले. इतक्या सहज जिंकल्याचं मलाच नवल वाटलं.

पुढचे पंधरा दिवस मी हवेत होते. एक बदल तेवढा जाणवत होता. पूर्वी जेवताना ते दिवसभराचे पाय सांगायचे. कुणाचा चवडा रुंद, कुणाची टाच नाजूक, कुणाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. "ताटावर पाय नकोत," म्हणून मी खेकसायचे. आता ते गप्प जेवायचे. मला वाटलं, जबाबदारी आली की माणूस गंभीर होतो. आपल्याला हवं तसं वाटून घ्यायला काय लागतं!

तिसऱ्या आठवड्यात मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून नव्या दुकानात गेले. केबिनमधल्या नवऱ्याचा फोटो काढून जाऊबाईंना पाठवायचा, एवढाच साधासरळ दुष्ट विचार होता.

केबिन खरोखरच सुरेख होती. हे आत बसले होते, कानाला फोन, पुढ्यात कागदांचा ढीग. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते काचेतून बाहेर बघत होते. बाहेर एक बाई आणि तिची सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती, आणि चटपट्या मुलीच्या पायात लाल बूट चढवत होता. हा चटपट्या ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, तिशीचा, हुशार पण घाईचा, म्हणून दुकानात सगळे त्याला चटपट्याच म्हणतात.

"टोचत नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. तिला तो लाल रंग हवा होता. ती नाही म्हणणार नाहीतर काय!

"बघा, अगदी मापात," चटपट्या तिच्या आईला म्हणाला आणि खोका उचलायला वळला.

केबिनमध्ये हे अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. पुन्हा उठले. फोनवरचं बोलणं संपलं नव्हतं, तरी त्यांनी तो टेबलावर ठेवला, दार ढकलून बाहेर आले आणि थेट त्या मुलीसमोरच्या स्टुलावर बसले.

"आपण एक खेळ खेळू," ते मुलीला म्हणाले. "तू बुटाच्या आत अंगठा नाचव. मी बाहेरून तो पकडतो. बघू कोण जिंकतं."

त्यांनी बुटाच्या टोकावर बोट ठेवलं. मुलीने दात-ओठ खाऊन जोर लावला. आणखी लावला. मग तिचा चेहरा रडवेला झाला.

"नाचतच नाहीये!"

"मग तो बिचारा आत अडकलाय," हे म्हणाले आणि हळूच बूट काढला. मोज्याखाली बोटं आत वळलेली होती. ती सरळ व्हायला वेळ लागला. त्यांनी एकेक बोट दोन बोटांत धरून मोकळं केलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी पाहिला. तीन आठवड्यांत घरी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याआधी सत्तावीस वर्षांत नीट पाहिला नव्हता, कारण मी त्यांना काम करताना कधी पाहायलाच गेले नव्हते. फोनचा कॅमेरा उघडून मी नुसती उभी होते.

"ताई, लाल रंगात मोठा नंबर उरला नाही," ते आईला म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मागवतो. आज घेऊ नका."

"काका!" दारातून आवाज आला. मालक आले होते. "आपलं काय ठरलं होतं? मॅनेजरने स्टुलावर बसायचं नाही. आणि आलेलं गिऱ्हाईक तुम्हीच परत पाठवताय?"

हे पटकन उभे राहिले. "चुकलं साहेब," म्हणाले.

तो शब्द मला सहन झाला नाही. काम बरोबर केल्याबद्दल माझा नवरा माफी मागत होता, आणि ती वेळ त्याच्यावर मी आणली होती.

"ह्यांचं नाही, माझं चुकलं," मी पुढे होऊन म्हणाले. "ते पत्र माझं आहे. ह्यांनी मला नाही म्हणून लिहायला सांगितलं होतं. मी हो लिहिलं आणि फसवून सही घेतली."

दुकानात सगळे माझ्याकडे बघायला लागले. चटपट्याचा खोका हातातच राहिला. मालक मात्र ह्यांच्याकडे बघत होते.

"पण वहिनी, मला शंका आली होती," ते सावकाश म्हणाले. "म्हणून मी काकांना विचारलं, अक्षर वहिनींचं आहे, पण हे तुमच्याच मनातलं ना? तर म्हणाले, माझ्या मनातलं ती माझ्यापेक्षा चांगलं लिहिते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती, खोटेपणा त्यांनीच केल्यासारखी. बायको खोटी ठरू नये म्हणून हा माणूस तीन आठवडे त्या काचेत बसला होता, आणि मी ते जिंकणं समजले होते.

"तिचं काही चुकलेलं नाही साहेब," ते म्हणाले. "तिला माझं भलंच व्हायला हवं होतं."

"ते राहू द्या. तुम्ही सांगा, तुम्हाला काय हवंय?"

"मला जुन्या दुकानात परत जाऊ द्या."

"अहो, पण का?" मालकांचा आवाज रागाचा नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "प्रत्येकाला वर जावंसं वाटतं. तुम्हाला काहीच कसं नकोय?"

ह्यांनी थोडा विचार केला. ते कुठल्याही प्रश्नाला थोडा विचार करूनच उत्तर देतात, आणि तेवढ्या वेळात मी नेहमी चिडते. या वेळी मी उत्तराची वाट बघत उभी राहिले.

"साहेब, मला पाय आत्ता कुठे कळायला लागलेत," ते म्हणाले. "सोल बघून माणूस कसा चालतो ते सांगता येतं. आता चालताना बघून सोल कसा असेल ते सांगता यायला हवं. कधी जमतं, कधी चुकतं. अजून दहा वर्षं हातात आहेत. त्यात ते साधायचंय मला. ती वर्षं या केबिनमध्ये गेली तर ते राहून जाईल."

मालकांनी ते स्टूल ह्यांच्याकडे सरकवलं. मी बोलायला गेले असते तर तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने रडले असते. एवढी मोठी हाव मी आमच्या घराण्यात कुणाची पाहिली नव्हती. ती माझ्याच नवऱ्याची निघाली, याचा मला अभिमान वाटला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.