दुसरी रेघ

घड्याळजीच्या बायकोची पाळी कधी दीड महिन्यानं यायची, कधी अडीच. गावाची घड्याळं वेळेवर आणणाऱ्या नवऱ्याची इथं मात्रा चालेना. मूल हवं म्हणून कॅलेंडरवर खुणा करकरून दोघं मेटाकुटीला आली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तारखा सोडा. रोज ही पट्टी लघवीत बुडवा. दुसरी रेघ गडद झाली, की बीज सुटायची वेळ आली समजा."

कित्येक दिवस रेघ फिकीच. आज दुपारी मात्र ती अशी ठसठशीत उमटली, की बाई उलट्या चपला घालून दुकानात धावली आणि नवऱ्याच्या कानात कुजबुजली. त्याच्या चिमट्यातला स्क्रू उडाला, तो कुठं पडला हेही त्यानं बघितलं नाही. डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून त्यानं दारावर 'दहा मिनिटांत परत येतो' ही पाटी लटकवली.

गल्ल्यावर त्याची आई बसली होती. पट्ट्यांचं नवं पाकीट तिनंच सुनेला आणून दिलं होतं. सुनेचा फुललेला चेहरा बघून ती उठली, लेकाच्या डोळ्यावरचं भिंग उतरवलं आणि दारावरची पाटीही.

"दहा मिनिटांत काय होतंय, मेल्या?" ती करवादली. "उद्या ये!"