एक ओळ वर

माझा उजवा हात गेला त्याला आठ महिने झाले. गेला म्हणजे आहे जागेवरच, पण मेला ऐकत नाही. अर्धांगाचा झटका आला तो सकाळी दाढी करताना. अर्धी दाढी अजून व्हायचीच होती.

मी बसच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर. सव्वीस वर्षं एका खिडकीत काढली. मिस्त्री येऊन "काका, फॅन बेल्ट" म्हणाला, की काळ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांची यादी उघडायची, ओळ निवडायची. पलीकडे रॅकपाशी प्रिंटर आहे, तिथे चिठ्ठी निघते आणि हमाल ती वाचून वस्तू काढून देतो. काम एवढंच. पण त्या प्रोग्रॅमला दोन हात लागतात. एका हाताने एक बटण दाबून धरा, दुसऱ्याने दुसरं दाबा. एका हाताने करून बघितलं, बोटं फाटायची वेळ आली.

मोठे साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, "काका, महिनाअखेरीला या. मी दहा वस्तू सांगतो. दहाच्या दहा चिठ्ठ्या बरोबर निघाल्या तर खुर्ची तुमची. नाहीतर..." पुढचं त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. नाहीतर म्हणजे कायमचं घरी बसा, हे न कळायला मी काय दूधखुळा आहे?

लेकीने हे मनावर घेतलं. ती कॉम्प्युटरचंच काम करते. म्हणाली, "बाबा, माउसला एक हात पुरतो."

"अगं, तो प्रोग्रॅम तुझ्याएवढा जुना आहे. त्याला माउस म्हणजे काय ते ठाऊक नाही."

"मग शिकवू त्याला."

वर्कशॉपातून तिने प्रोग्रॅमची कॉपी आणली, आपल्या लॅपटॉपवर चढवली आणि पहिल्या दिवशी माउस माझ्या डाव्या हातात दिला. मी तो हलवला मात्र, स्क्रीनभर आकडे सांडले. पस्तीस, चाळीस, बारा, मध्येच कंस, मध्येच इंग्रजी एम. हात उचलला की थांबायचे, हलवला की पुन्हा धो धो. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, डावा हातही थरथरतोय वाटतं.

"तुमचा हात नाही हो बाबा," लेक हसली. "माउस हलला की प्रोग्रॅमला निरोप जातो, आता अमुक रकाना, अमुक ओळ. त्याला तो निरोप कळत नाही, म्हणून तो तसाच छापतोय."

मी मान डोलावली, पण विश्वास नाही ठेवला. आजारपणापासून घरात सगळे माझ्याशी गोड बोलतात. बायको म्हणते, "अहो, चालणं अगदी पहिल्यासारखं झालंय." मी भिंत धरून चालतो! तेव्हा लेकही समजूतच काढणार, आणखी काय करणार?

चार दिवसांत आकडे सांडायचे थांबले. पहिल्या पानावरचे मोठे चौकोन मी दाबले, ते बरोबर उघडले. लेक खूश झाली आणि आपल्या कामाला गेली. मी एकटाच बसलो आणि पार्टची यादी उघडली. तिच्यात ओळीला ओळ चिकटलेली. रॅकच्या क्रमाने लावलेली, त्यामुळे शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी ब्रेक लायनिंगवर बाण नेला, नीट बघितलं, दाबलं. स्क्रीनच्या तळाशी चिठ्ठी आली हॉर्नची.

पुन्हा दाबलं. हॉर्न. चष्मा पुसला. हॉर्नच! यादीत हॉर्न ब्रेक लायनिंगच्या बरोबर खाली. फॅन बेल्ट दाबला, त्याच्या खालचा वायपर आला. जे दाबावं त्याच्या खालचं येतं!

मग डॉक्टर आठवले. दवाखान्यातून सोडताना ते म्हणाले होते, "काका, कधीकधी नजरेचं आणि हाताचं जमत नाही. वस्तू असते एकीकडे, वाटते दुसरीकडे. असं झालं तर लगेच सांगा." घ्या! म्हणजे हात गेला तो गेला, डोकंही एक ओळ सरकलं.

सांगायचं कुणाला? डॉक्टरांना सांगितलं तर कागदावर येणार. बायकोला सांगितलं तर ती डोळ्यांना पदर लावणार. आणि लेकीला? तिने सुट्ट्या टाकून हे केलं होतं. तिला कुठल्या तोंडाने सांगू, की पोरी, तुझं काम चोख आहे, तुझा बापच बिघडलाय?

नाही सांगितलं. त्याऐवजी ठरवलं, डोकं एक ओळ खाली जातं ना, मग आपण एक ओळ वर दाबायचं. हॉर्न नको, ब्रेक लायनिंग हवं, तर त्याच्या वरच्या आरशावर बाण न्यायचा. पहिले दोन दिवस घाम फुटला. यादी डोळ्यांसमोर नाचायची. कुठली ओळ हवी, कुठली दाबायची, काही सुधरायचं नाही. जेवताना मीठ मागितलं तरी मनात यायचं, त्याच्या वर काय आहे? पण रोज चार चार तास बसलो. तिसऱ्या आठवड्यात बाण आपसूक वर जायला लागला. लेक विचारायची, "बरोबर लागतंय ना बाबा?" मी म्हणायचो, "एकदम फर्स्ट क्लास."

परीक्षेच्या दिवशी लेक बरोबर आली आणि खिडकीबाहेरच्या बाकावर बसली. साहेब माझ्या पाठीशी उभे. दोन मिस्त्री बघायला आले होते, शिवाय हमाल होताच. साहेबांनी कागदावरून वाचायला सुरुवात केली. "ब्रेक लायनिंग." मी एक ओळ वर दाबलं. पलीकडे प्रिंटर करकरला. "फॅन बेल्ट." एक ओळ वर. "क्लच प्लेट." एक ओळ वर. इथे चिठ्ठी स्क्रीनवर दिसत नाही, थेट प्रिंटरला जाते, पण मला चिंता नव्हती. हात असा चालला होता की आजार बिजार सगळं खोटं वाटावं. दहा वस्तू पाच मिनिटांत संपवल्या आणि मिस्त्र्यांकडे बघून चक्क मिशीला पीळ दिला.

हमाल वस्तू घेऊन आला आणि एकेक टेबलावर मांडायला लागला. त्याचा चेहराच सांगत होता. ब्रेक लायनिंगच्या जागी आरसा. फॅन बेल्टच्या जागी दाराची कडी. क्लच प्लेटच्या जागी सीटचा स्क्रू. दहाच्या दहा चूक!

मिस्त्री छताकडे बघायला लागले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "काका, अजून थोडी विश्रांती घ्या." विश्रांती! महिनाभर डोक्याला धरून सरळ केलं होतं आणि ते ऐन वेळी उलटलं. म्हणजे आता कशावरच भरवसा नाही. उद्या घराचा रस्ता चुकेन, परवा बायकोला ओळखणार नाही.

लेक आत आली. तिने चिठ्ठ्या उचलल्या, साहेबांचा कागद शेजारी धरला, मग यादी बघितली. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही दाबत कुठे होता?"

मी माउसची वायर सरळ करायला लागलो.

"बाबा!"

"एक ओळ वर," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, आता लपवून तरी काय राहिलं होतं? "माझं डोकं एक ओळ खाली जातं. पहिल्यापासून. म्हणून मी वर दाबतो."

तिने कपाळावर हात मारला. "अहो, ते डोकं नव्हतं! स्क्रीन ओळी मोजते एकपासून आणि हा तुमचा प्रोग्रॅम मोजतो शून्यापासून. ते जुळवायचं मी विसरले होते. स्क्रीन म्हणायची पाचवी, हा उघडायचा सहावी. मोठ्या चौकोनांत एका ओळीने काही फरक पडत नाही, म्हणून मला कळलंच नाही. काल दुपारी मी स्वतः यादी दाबून बघितली तेव्हा दिसलं. दुरुस्त केलं आणि आज सकाळी इथे तेच चढवलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. मला वाटलं, तुमच्या लक्षातच आलं नसेल. परीक्षेच्या आदल्या दिवशी कशाला घाबरवायचं?" तिने चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या. "आणि तुम्ही? महिनाभर! एका शब्दाने बोलला नाहीत?"

माझं डोकं गरगरायला लागलं. म्हणजे चूक होती तेव्हा मी बरोबर होतो, आणि ती सुधारली म्हणून मी चुकलो? मी दहाही चिठ्ठ्या पुन्हा बघितल्या. प्रत्येक चिठ्ठी एक ओळ वरची. एकही दोन ओळी वरची नाही, एकही खालची नाही.

साहेबांना किती कळलं देव जाणे. त्यांनी खुर्ची ओढली, कागद उलटा केला आणि पाठीमागे दहा नव्या वस्तू लिहिल्या. "बसा काका. पुन्हा."

यावेळी हात चालेना. सवयीने बाण वर जायचा, मी त्याला ओढून खाली आणायचो. जी हवी तीच ओळ दाबायची, एवढी साधी गोष्ट, पण प्रत्येक ओळ दोनदा वाचून मगच दाबत होतो. अर्धा तास गेला.

हमालाने वस्तू मांडल्या. एक बरोबर, दोन बरोबर, नऊ बरोबर. दहावी चूक. साहेबांनी डावा आरसा सांगितला होता, मी उजवा काढला होता.

लेक घाईघाईने यादी बघायला वाकली. "ओळीची भानगड नाही. उजवा आरसा तर दुसऱ्या पानावर आहे."

हमाल दात काढायला लागला. "ताई, ती काकांची जुनी खोड आहे. डावा मागितला की हे उजवा देतात. वीस वर्षं मी मिस्त्र्यांना विचारून गुपचूप बदलून देतोय."

वीस वर्षं! हे मला आजवर माहीत नव्हतं. मी हसायला लागलो, आणि हसता हसता असं रडू फुटलं की साहेब घाबरून पाणी आणायला धावले. लेकीने माझा उजवा हात, तो न ऐकणारा, आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तिला कसं सांगू, की आठ महिन्यांत पहिल्यांदा एक चूक अशी झाली होती जी आजाराची नव्हती, प्रोग्रॅमची नव्हती, निव्वळ माझी होती!

साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्या डाव्या हातात दिला. हमालाकडे बोट दाखवून म्हणाले, "सोमवारपासून या काका. आणि आरसा कुणी मागितला, तर आधी ह्याला विचारा."