न्हाणीतला टब

सूर्यभानच्या आईचे गुडघे रस्त्याच्या कामावर माती वाहून वाहून गेले होते. दुष्काळात ती वालूरकडच्या कामावर होती, आणि तेव्हाचं ओझं आता उतारवयात तिच्या पायांत येऊन बसलं होतं. पोराला पाथरीला कालव्याच्या कचेरीत कारकुनी लागली तशी सुलाबाई त्याच्याकडं राहायला आली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज कंबरेइतक्या ऊन पाण्यात बसवा, आराम पडेल.

त्याच सुमारास जुन्या सरकारी बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. त्यात एक टब होता. बिडाचा, आतून पांढराशुभ्र. फायली घेऊन बंगल्यावर जायचा तेव्हा सूर्यभाननं तो एकदा अर्धवट उघड्या दारातून पाहिला होता आणि यात बसून माणसाला कसं वाटत असेल, याचा विचार करत सायकलवरून परत आला होता. आता तो टब त्यानं आईसाठी घेतला. निदान सगळ्यांना तसंच सांगितलं.

न्हाणी एवढीशी. एक बादली आणि पाटावर एक माणूस, की भरली. पंडित मिस्त्रीनं सुतळीनं मापं घेतली आणि म्हणाला, "टब जाईल आत. पण मग माणसानं उभं कुठं ऱ्हायचं?"

"माणसाला टबातच जायचंय," सूर्यभान म्हणाला.

चौकट काढली, कडेची भिंत फोडली आणि गल्लीतली माणसं बोलावून टब आत ढकलला. भिंतीपासून भिंतीपर्यंत तोच तो झाला. दार मात्र परत बसेना, कारण टबाचा काठ उंबऱ्याबाहेर येत होता. मग दाराच्या जागी जाड चादरीचा पडदा लावला. सुलाबाईनं काठावरून हात फिरवला.

"ही तर गुळाची काईल हाय रे. माझा पाय एवढा वर उचलत न्हाई. एखादं घंगाळ आणलं असतंस तरी भागलं असतं."

"सवय व्हईल, माय."

सवय झाली नाही. सूर्यभानची बायको कुसुम रोज सासूला काखेत धरून आत उतरवायची आणि तसंच बाहेर काढायची. पाय ठेवायला जागा नसल्यानं दोघींचीही ओढाताण व्हायची. सूर्यभान मात्र कचेरीत टबाचं इतकं बोलला, की त्याचे वरिष्ठ दिनकररावसाहेब म्हणाले, "येतो आम्ही रविवारी. बघू तुमचा टब. चहाही घेऊ."

चहाही घेऊ. वालूरला त्याच्या लहानपणी वरच्या आळीतलं कुणी त्यांच्या घरचं पाणी पीत नसे. बौद्ध होऊन वीस वर्षं होत आली, तरी कचेरीतल्या निम्म्या लोकांना त्याच्या घरी यायला अजून सवड मिळत नव्हती. साहेब येणार म्हटल्यावर सुलाबाईनं दोनदा विचारलं, "पेतील ना रे ते आपल्या घरचा चहा?"

रविवारी दुपारी सूर्यभान बिस्किटं आणायला बाजारात गेला होता. साहेब यायला वेळ आहे म्हणून कुसुमनं सासूला टबात बसवलं आणि शेजारून कपबशा मागून आणायला गेली. साहेब लवकरच आले, सोबत त्यांच्या पत्नी कमलबाई. बाजारातून परतलेला सूर्यभान त्यांना दारातच भेटला. खुर्चीवर टेकण्याआधीच साहेब म्हणाले, "आधी टब दाखवा."

सूर्यभान हौसेनं पुढं झाला आणि त्यानं पडदा बाजूला सारला.

सुलाबाई छातीपर्यंत पाण्यात होती. लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, पांढरे केस सुटलेले, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेला. तिनं मुलाकडं पाहिलं, त्याच्या मागचे आवाज ऐकले आणि नको म्हणून हळूच मान हलवली. 'माझी आई आहे आत, जरा थांबा,' एवढंच त्यानं म्हणायचं होतं. त्यानं पडदा सोडला.

"आतला चुना ओला आहे अजून," तो म्हणाला. "पुन्हा कधी दाखवतो."

कपबशा घेऊन कुसुम मागच्या दारानं आली. तिनं हलक्या आवाजात विचारलं, "मायला काढलं का भाईर?"

"काढलं. निजलीय ती," तो म्हणाला.

कुसुम चुलीकडं वळली आणि तो साहेबांसमोर जाऊन बसला. चहा आला. साहेब कालव्याचं, बदल्यांचं बोलत होते. सूर्यभान हो हो म्हणत होता, पण त्याचे कान पडद्याकडं होते. तिकडून पाणी हलल्याचासुद्धा आवाज येत नव्हता. पावण्यांना कळू नये म्हणून माय हलत नाही, हे त्याला कळत होतं. पाणी आता गार झालं असेल, हेही कळत होतं. तरी साहेबांनी बशी खाली ठेवली तेव्हा त्याच्या तोंडून गेलं, "अजून अर्धा कप?"

"नको," कमलबाई म्हणाल्या. त्यांनी आपला चहा गरम गरमच संपवला होता. "निघू या आपण."

साहेब बाहेर चपला घालत होते तेव्हा त्या क्षणभर मागं राहिल्या आणि सूर्यभानकडं न पाहता म्हणाल्या, "आधी त्यांना बाहेर काढा. वय झालंय, गारठल्या असतील."

पावण्यांना पोचवायला तो उंबऱ्यापर्यंतही गेला नाही.

न्हाणीत उभं राहायला जागा नव्हती, म्हणून तो पँटसकट टबात उतरला, वाकला आणि आईला त्यानं पाठकुळी घेतलं. ती कुडकुडत होती. तिच्या ओल्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. कुसुम पडदा धरून उभी होती. कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

"पावणे गेले का?" सुलाबाईनं त्याच्या कानाशी विचारलं.

"गेले."

"चहा पेले?"

"पेले, माय."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तिला ताप भरला. तो उतरेपर्यंत कुसुम सासूच्या उशाशी होती. "तुमी डोळ्यानं पाहिलं व्हतं न्हवं?" तिनं एकदाच विचारलं. तो "हो" म्हणाला. पुढं कितीतरी दिवस त्याला वाढताना ती ताटाकडंच बघायची.

पंडित मिस्त्रीला बोलावून भिंत पुन्हा फोडली आणि टब काढून टाकला. कचेरीत कुणी विचारलं तर गळत होता म्हणून सांगायचं, असं सूर्यभाननं ठरवलं होतं. साहेबांनी विचारलंच नाही. कमलबाईंनी त्यांना काही सांगितलं की नाही, हे त्याला कधी कळलं नाही. पण साहेब फाईल पुढं सरकवायचे आणि तो खाली बघूनच ती उचलायचा.

आता रोज संध्याकाळी घमेल्यात ऊन पाणी घेऊन तो आईच्या पायांशी बसायचा. तांब्यानं तिच्या गुडघ्यांवर पाणी सोडायचा. ती वालूरच्या भावकीचं बोलायची, कुणाच्या म्हशीचं बोलायची, त्या रविवारचं मात्र एकदाही नाही. आज तरी ती रागावेल, आज तरी विचारेल, म्हणून तो वाट बघत राहायचा.

"पुरं रे," ती म्हणायची. "पाणी निवलं. ऊठ, जेव जा."