मास्टरजींच्या पेटीची जबानी

नऊ वर्षे रोज माझ्या साथीने सुरात गाणारा एक माणूस गेल्या मार्चमध्ये दुसऱ्या पेटीच्या साथीने गायला बसला आणि पहिल्याच ओळीत बेसूर झाला. गाणे तेच होते. गळाही तोच होता.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. काही जण मला हार्मोनियम म्हणतात. सागवानी खोके, मागे हवा भरणारा भाता आणि आत पितळेच्या पातळ पत्त्यांची रांग, एवढाच माझा संसार. भात्यातली हवा पत्तीला हलवते, त्या कंपनाला लोक सूर म्हणतात. यात गूढ काही नाही. मात्र एक उणीव नोंदवते: पेटीला स्वतःचा सूर तपासता येत नाही.

उत्तनजवळच्या चौक गावातल्या हौसाबाईंनी मला आपल्या मुलासाठी, धनेशसाठी, विकत घेतले. घरचा धंदा मासळीचा. पण धनेशचे लक्ष होडीपेक्षा देवळातल्या भजनाकडे अधिक. तिथे तो गायचा आणि मधूनच गावातल्या माणसांच्या नकला करायचा. लोकांना नकला अधिक आवडल्या. पुढचे सारे त्यातून घडले.

काशीगावच्या एका स्टुडिओत तो प्रथम वेटर झाला, मग पळून जाणारा चोर, मग कुणाचा तरी मामा. या भूमिकांत माझे काम नव्हते. नंतर एका विनोदी हिंदी मालिकेत त्याला गाणे शिकवणाऱ्या मास्टरजींची भूमिका मिळाली आणि तो मला सोबत घेऊन गेला. मास्टरजी भाता उघडत, आलाप घेत, आणि शेजारी खिडक्या लावून घेत. दर भागात जवळजवळ हेच घडे.

पहिल्या वर्षी धनेश मुद्दाम बेसूर गाई. आधी माझ्याबरोबर खरा सूर लावायचा आणि मग त्यावरून हवे तेवढेच घसरायचे, हे अवघड काम आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिग्दर्शक म्हणू लागले, "धनेशभाई, आप सीधा गाते हो तो भी हँसी आती है. क्या बेसुरा पकड़ा है!" धनेशला ती थट्टा वाटली. दुकानात, रिक्षाच्या रांगेत मुले त्याला घेरत. "मास्टरजी, एक बार बेसुरा गाओ ना!" तो गाई, मुले हसत. लोक हसत असले की विनोदी नट कारण विचारत बसत नाही.

कौतुकाची ती वर्षे मला मात्र थकवणारी गेली. एकेक आलाप अकरा-अकरा वेळा चित्रित होई. माझे झाकण पहिल्याच वर्षी हरवले. नवे कुणी केले नाही. काम संपले की मला मेकअपच्या खोलीत ठेवत आणि धनेश तिथेच रियाज करी. कधीतरी संगीत नाटकात सरळ, गंभीर गाणे गायचे, एवढीच त्याची इच्छा होती.

मार्चमध्ये ती संधी आली. भाईंदरच्या एका नाट्यसंस्थेने गायक नटाच्या भूमिकेसाठी त्याचे गाणे ऐकायचे ठरवून त्याला बोलावले. तिथे त्यांची स्वतःची पेटी होती. मला एका खुर्चीवर ठेवण्यात आले. धनेश गाऊ लागताच सगळे हसले. त्यांना वाटले, मास्टरजी सुरू झाले. धनेश हसला नाही, तेव्हा तेही थांबले. दुसऱ्या खेपेसही तसेच झाले.

"नऊ वर्षांची सवय आहे, दादा," नाटकाचा दिग्दर्शक यतीन हळूच म्हणाला. "गळ्याला जडली असणार."

हे एक मत होते. कुणी काही तपासले नव्हते. धनेशने मात्र ते निदान म्हणून स्वीकारले.

त्याच आठवड्यात मालिकेचा नवा करार आला. पुढील भागांत गाणी वाढणार होती. ती दुसरा गायक गाणार आणि धनेशने फक्त ओठ हलवायचे. सही केली असती, तर त्याचा आवाज पडद्यावरून कायमचा गेला असता. त्याने तो कागद खिशात ठेवला आणि मला चौकला नेले.

"आये, ही पेटी देवलात देऊन टाक. माजा गला गेला."

"गला गेला तं वरडतंस कसा?" हौसाबाई म्हणाल्या. "जेवाय मागतंस तवा चार घरांना ऐकू जातंय."

पण त्यांनी मला देवळात पोचवले. तिथल्या पेटीशी माझा सूर जुळवण्यासाठी भजनी मंडळाने भाईंदरहून रामनाथ यांना बोलावले. धनेशही तिथे आला. पेट्या दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी दोन्ही पेट्यांचा एकेक स्वर आलटून पालटून वाजवला.

"टोकाचे सूर जागेवर आहेत. मधलेच उतरलेत," ते म्हणाले. "गंज असता तर सगळ्यांनाच धरला असता."

मग त्यांनी मला उघडले. बोट फिरवून पाहिले, हुंगले. "धनेशभाऊ, ही पेटी वाजवता कुठे? ब्यूटी पार्लरमध्ये?"

बोट पांढरे झाले होते. धनेशने मेकअप करणाऱ्या जितेंद्रला फोन लावला.

"अरे दादा, तुझी पेटी लाइटखाली शाइन मारायची ना! कॅमेरावाला बोंबलायचा. म्हणून तुझ्या तोंडाला पफ मारला की दोन पफ तिलापण. नऊ वर्षं, एक दिवस खाडा नाय!"

त्याच्या आवाजात अभिमान होता. मी हे आधी सांगितले नाही, कारण मीही याला माझी काळजी घेणेच समजत होते.

रामनाथांनी पत्त्या एकेक करून साफ केल्या. त्यानंतर धनेश गायला आणि पुन्हा चुकला. "गळा ठीक आहे," ते म्हणाले. "कानाने चुकीचं पाठ केलंय. दोन-तीन महिने जातील." नाटकातली भूमिका तोवर दुसऱ्याला गेली होती. करार मात्र धनेशने सही न करता परत पाठवला. त्याचे काम टिकेल की नाही, हे मला ठाऊक नाही.

मित्रांनो, वाद्य झाकून ठेवा आणि वर्षातून एकदा दुसऱ्या वाद्याशी ताडून पाहा. आणि एखाद्याचा गळा गेला असे कुणी सांगितले, तर ते कशावरून, हे विचारा.

माझा सूर उतरण्याचे कारण पुढीलप्रमाणे सापडले. माझी चमक घालवण्यासाठी लावलेली पावडर भात्याने हवेबरोबर आत ओढली. हवा फक्त वाजणाऱ्या स्वरांच्या पत्त्यांतून जाते. म्हणून धनेश रोज वाजवी त्याच पत्त्यांच्या मोकळ्या टोकांवर ती खाडीकाठच्या दमट हवेत चिकटत गेली. टोक जड झाले की पत्ती सावकाश हलते आणि सूर उतरतो. तो दिवसाला इतका थोडा उतरला की कुणाला कळला नाही, आणि धनेशचा कान रोज माझ्याबरोबर तेवढाच खाली आला.