हात सैल सोडा

मित्रांनो, दोन हात आणि चार पाय असूनही जिला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही, अशी मी एक जुनी खुर्ची आहे. मोडीत निघालेल्या एका दरवाजातून माझा जन्म झाला. बैठक मात्र वेताची, घट्ट विणलेली. ज्या सुताराने मला घडवलं त्याची जीभ त्याच्या रंध्यापेक्षा जास्त चालायची. मला पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "बसायला काय, दगडावरही बसता येतं. खुर्चीची परीक्षा उठताना. हिचे हात असे केलेत, की उठताना वाटावं, कुणीतरी दंडाला धरलंय."

हे बोलणं मी पुढे साफ विसरले. माझी चूक झाली ती तिथेच.

मला विकत घेतलं एका शिवणबाईने. पहिल्या मजल्यावरची खोली, खिडकीपाशी कापड बेतायचं लांब टेबल आणि समोरच्या भिंतीला मी. गिऱ्हाईक बायका मापं द्यायच्या, तोवर त्यांचे नवरे माझ्यावर बसून जांभया द्यायचे. "खुर्ची झकास आहे हो!" असं कौतुक मी खूप ऐकलं. पण शिवणबाई स्वतः माझ्यावर कधी बसली नाही. बेतणं, कापणं सगळं उभ्याने. फार तर गळ्यातली टेप माझ्या हातावर अडकवायची आणि समोरच्या बाईला सांगायची, "सरळ उभ्या राहा. कशाला धरू नका. हात सैल सोडा. आणि ताई, पोट आत ओढू नका, नाहीतर जेवल्यावर माझ्या नावाने खडे फोडाल!"

तीसेक वर्षं मी तिची वाट पाहिली. एकदा तरी टेकेल, असं रोज वाटायचं.

मग एका सकाळी ती पडली. टेबलावरून अस्तराचा गुळगुळीत तुकडा खाली घसरला होता, त्यावर तिचा पाय पडला. लेक कामावर गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. बराच वेळ ती तशीच पडून टेबलाची खालची बाजू बघत होती. मग सरकत सरकत माझ्यापर्यंत आली, माझा पाय धरला, हात धरला आणि माझ्यावर बसली.

सांगायला लाज वाटते मित्रांनो, पण मला आनंद झाला.

डॉक्टर म्हणाले, हाडं शाबूत आहेत. कोपरावर एक निळा डाग, तोही आठवड्यात गेला. हाड मोडलं नव्हतं, धीर मोडला होता. भिंतीला चिकटून ती न्हाणीघरापर्यंत जायची आणि तशीच माझ्याकडे परतायची. बाकी दिवसभर आम्ही दोघीच. मशीनवर कापड टाकून ठेवलेलं. शेवटी गिऱ्हाइकंही यायची थांबली.

लेक गुणाची. आईवर जीव टाकणारी. तिने काय केलं? आईचीच टेप घेतली आणि बसल्या जागी आईचा हात किती पुरतो ते मोजलं. दोन्ही बाजूंना चोवीस इंच. मग त्या चोवीस इंचांत पाणी, गोळ्या, चष्मा, फोन, रेडिओ, सगळं मांडलं. शिवणकाम करणाऱ्या घरातच असली चूक होते. माप अगदी बिनचूक आणि कपडा चुकीचा.

"आई, तू फक्त बस. काही लागलं तर हाताशी आहे."

उठायचं एकेक कारण असं खोलीतून नाहीसं झालं. वर तिने माझ्यावर तीन मऊ उशा रचल्या. शिवणबाई त्यांत रुतून गेली. माझे हात तिला फार खाली पडू लागले, उठताना जोर द्यायच्या कामाचे राहिले नाहीत. महिन्यामागून महिने गेले. तिच्या पायांतलं बळ आटत होतं, ते माझ्याएवढं कुणाला कळणार? न्हाणीघरातून परतताना ती माझ्यावर बसायची नाही, कोसळायची. आणि मी मूर्ख, ती माझ्याकडे येते म्हणून खूश!

जिन्याच्या तोंडाशी बटणवालीचं दुकान होतं. बटणं, दोरे, हुक. पूर्वी शिवणबाई दिवसातून चारदा सतरा पायऱ्या उतरून जायची. एकदा बटणासाठी, तीन वेळा गप्पांसाठी. बटणवालीचे गुडघे गेलेले, तिला चढता येत नसे. ती रोज अकरा वाजता जिन्यातून हाळी द्यायची.

"अगं ए राणीसरकार! आज तरी सिंहासन सोडणार का?"

"मी आले तर राज्य कोण बघेल, तुझा म्हातारा?"

"त्याला स्वतःचा चष्मा दिसत नाही!"

दोघींमध्ये सतरा पायऱ्या. एवढ्या अंतरावरून मैत्री ओरडूनच करावी लागते.

एके दिवशी बटणवालीने हाळी दिली नाही, जिन्यातून नुसतं सांगितलं. "दुकान बंद करतेय गं. मुलाकडे चाललेय, लांब. अजून तीन आठवडे आहे."

शिवणबाईची बोटं माझ्या हातावर घट्ट झाली.

संध्याकाळी ती लेकीला म्हणाली, "माझा निळा झगा काढ. अंगात ढगळ झालाय, आवळून घे. तिच्यासमोर पोतं घालून नाही जायचं मला."

"जायचं? कुठे? आई, फोनवर बघा ना एकमेकींना."

"तू माप घे आधी."

लेक टेप घेऊन वाकली. "तू बसूनच राहा, मी घेते."

"बसलेल्याचं माप?" शिवणबाईचा आवाज असा चढला, की मला जुने दिवस आठवले. "हेच शिकवलं का गं मी तुला? बसलेल्याच्या मापाचा कपडा उभ्याला कधी बसलाय?"

"मग उभी राहा!" लेकीच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिचा चेहरा उतरला.

शिवणबाईने एकेक करत तिन्ही उशा उपसून खाली टाकल्या. ती वेतावर आली आणि माझे हात पुन्हा तिच्या हातांखाली आले. तेव्हा मला सुताराचं बोलणं आठवलं. लाकडात होता नव्हता तेवढा जोर मी लावला. ती उठली. पण मला सोडेना. तिच्या भाराने माझे सांधे करकरत होते.

लेकीने तिला धरलं नाही. नुसती जवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, हात सैल सोडा. कशाला धरू नका."

शिवणबाईला हसू फुटलं, डोळेही भरले. तिने सोडलं. आधी डावा हात, मग उजवा.

तिथून पुढे रोज ती माझ्यावरून दहा वेळा उठली, बसली. मग टेबलापर्यंत गेली, मग दारापर्यंत. अखेरच्या दिवशी निळा झगा घालून, कठडा धरून, लेकीला एक पायरी खाली ठेवून ती उतरली. मला जिना दिसत नाही. मी सतरा पावलं मोजली. खालून बटणवालीचा आवाज आला, "आलीस? माझी ब्याद टळली, हेच बघायला ना?" त्यानंतर ओरडणं ऐकू आलं नाही. आता दोघींमध्ये एकही पायरी नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी पडायला भीत असेल, तर त्यांच्या हाताशी सगळं आणून ठेवू नका. जवळ उभे राहा. माझ्यासारख्या खुर्च्यांवर उशा रचू नका. आम्ही उठवण्यासाठी आहोत, हे आम्हालाही आठवू द्या.

आता खाली कुलूप आहे, हाळी नाही. तरी रोज अकरा वाजता शिवणबाई एकटीच कठडा धरून उतरते. भीती गेलेली नाही, ती सोबत उतरते. माझ्या वेताला तिच्या आकाराचा खळगा पडलाय, तो रिकामा घेऊन मी पावलं मोजते. सतरा उतरली, की बंद दुकानाशी ती थोडी थांबत असणार. ती शांतता मला फार लांब वाटते. मग पहिली पायरी वाजते.