रविवारचा जावक क्रमांक

माझा कागदावर फार विश्वास. चोवीस वर्षं सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतेय. पत्रावर वर जावक क्रमांक, खाली शिक्का आणि ‘प्रत माहितीसाठी’ असं दिसलं की माझे हात आपोआप जोडले जातात. त्या ठगाला हे कसं कळलं कोण जाणे.

रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. अंगात खाकी, मागे झेंडा. माझ्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत म्हणे. मी त्याला झापणारच होते, तेवढ्यात मोबाइलवर अटकेचं पत्र आलं, जावक क्रमांकासकट. संपलं. तीन तास मी कॅमेऱ्यासमोरून हलले नाही. इकडेतिकडे बघायचं नाही, असं तो म्हणाला. हे तर परीक्षेच्या हॉलमधलं माझंच वाक्य. मी चक्क हात वर करून पाणी प्यायची परवानगी मागितली आणि त्या मेल्यानं ती नाकारली. शेवटी ‘पडताळणीसाठी’ चाळीस हजार पाठवले, तेव्हा कुठे सुटले.

सायबर पोलिसांत तक्रार केली. पैशांचं दुःख होतंच, पण शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कॉलेजच्या सायबर सुरक्षा समितीची प्रमुख मीच, आणि ऑनलाइन फसवणूक कशी ओळखावी यावर गुरुवारी सगळ्या कॉलेजपुढे व्याख्यानही माझंच. कुठल्या तोंडानं उभी राहणार? बुधवारी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, की प्रकृतीच्या कारणास्तव मला व्याख्यानातून आणि समितीतूनही मुक्त करावे. तो समितीच्या फाइलला लावून आवक टेबलावर बिरप्पांकडे दिला.

बिरप्पा अक्कलकोटकडचे, आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने क्लार्क. फाइल हातात आली की मागचे कागदही वाचायची त्यांना खोड. आणि मी कागदाची भक्त. अटकेच्या पत्राची प्रिंट काढून, पंच करून, त्याच फाइलला लावून ठेवली होती, हे साफ विसरले. बिरप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि नेमकं तेच पत्र वाचायला घेतलं.

“मॅडम, ह्याच्यावर तारीख रविवारची हाय की,” ते हळूच म्हणाले. “रविवारी कुटलं हापिस जावक क्रमांक टाकतंय? हितं तर सोमवारी दुपारपत्तोर रजिस्टर उघडत न्हाय.”

मी ती तारीख पुन्हा वाचली. मग जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता रडले आणि त्यांना सगळं सांगून टाकलं, पाण्यासकट. त्यांनी चहा मागवला, ऐकून घेतलं आणि अर्ज माझ्या हातात परत दिला.

“ह्याला मी आवक क्रमांक देत न्हाय. उद्या हेच सांगा पोरांना.”

आवक क्रमांक नाही, म्हणजे आमच्याकडे अर्ज आलेलाच नाही. माझी सुटका नव्हती.

गुरुवारी स्टेजवर गेले. पहिल्या वाक्यातच मी फसले असं सांगून टाकलं. पाण्याच्या परवानगीवर पोरं आडवी पडून हसली. मीही हसले, आणि फार मोकळं वाटलं. बिरप्पांना स्टेजवर बोलावून रविवारची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकवली. मग भौतिकशास्त्राचे महेश्वर सर उठले. वीज तोडण्याच्या खोट्या मेसेजला आपण कसे भुललो, ते त्यांनी सांगितलं. दोन वर्षं ते बायकोलाही बोलले नव्हते. त्यांचं होतंय तोवर पहिल्या रांगेत आमच्या प्राचार्यांचा हात वर गेला.

आता संशयास्पद काही आलं की अख्खी स्टाफरूम मोबाइल घेऊन बिरप्पांच्या टेबलाशी रांग लावते, आणि ते पहिल्यांदा वार बघतात.

पुढच्या सोमवारी परीक्षा सुरू झाली. मागच्या बाकावरच्या काव्यानं भीत भीत हात वर केला आणि पाणी पिऊ का विचारलं. मी तिची बाटली उचलून झाकण उघडून तिच्या हातात दिली.

“पी बाळा,” म्हटलं, “पाण्याला विचारायचं नसतं.”