पट्ट्याची खांदशेकणी

मूर्तिजापूर मागे पडलं आणि व्हॅनमध्ये जळक्या रबराचा वास आला. आला म्हणजे काय, घुसलाच! खुशीच्या नाकात, घशात, मांडीवरच्या पोळ्यांच्या डब्यात.

"बाबा, कायतरी जळून राह्यलं."

"रस्त्याचं काम चालू असंन कुठी. डांबर हाय ते," गोवर्धनराव म्हणाले आणि त्यांनी काच वर केली. वास आणखीच दाटला.

मागे, जिथे रोज वांग्यांची पोती असायची, तिथे आरतीताई हॉलतिकीट छातीशी धरून बसली होती. अकोल्याला वनरक्षक भरतीचा पेपर होता आणि नऊला परीक्षा केंद्राचं फाटक बंद होणार होतं. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार. म्हणजे हा पेपर गेला की सेमाडोहच्या जंगलात खाकी घालून फिरायचंही गेलं, कायमचं. त्यात आज पोळा, एसटीची बोंब.

"गाडी थांबवू नका बाबा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, जप केल्यासारखी.

खुशी नववीत होती. उन्हाळ्यात बाबांनी तिला वावरात व्हॅन चालवायला शिकवली होती आणि तेव्हापासून गाडीतलं आपल्याला सगळं कळतं, असं तिचं ठाम मत झालं होतं. म्हणूनच समोरचा बॅटरीचा लाल दिवा तिलाच आधी दिसला. शेजारी उष्णतेचा काटा वर सरकत होता.

"काटा चढला! थांबवा, आधी थांबवा!"

पार्बताबाईच्या चहाटपरीसमोर गाडी उभी राहिली. खुशीनं उडी मारली. प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहिला. चारही सारखीच कोमट, म्हणजे ब्रेक चाकाला चिकटून बसले नव्हते. हँडब्रेक खालीच होता. टायर कुठे घासत नव्हता.

"क्लच गेला काय?" ताईचा आवाज चिरका झाला होता.

"क्लच घसरला असता त गाडीनं ओढलंच नसतं वं," बाबा पुटपुटले. का कोण जाणे, ते सीट उचलायला काही पुढे होईनात.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच. खुशीनंच सीट उलथली. गरम वाफेचा भपका आला. बॅटरी भरणारा डायनामो आणि पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा तापून चकचकीत झाला होता, एका कडेनं त्याचे धागे सुटले होते. आजूबाजूला रबराचा काळा चुरा, आणि त्या चुऱ्यात पिवळे पिवळे शिंतोडे. कुणी पिचकारी मारावी तसे! खुशीनं बोटावर एक शिंतोडा घेतला, हुंगला. तूप. हळद.

"बाबा, हे काय हाय?"

गोवर्धनराव टपरीमागच्या कडुनिंबाकडे पाहू लागले.

"बाबा!"

"काल खांदशेकणी होती ना. दरसाल बैलाइच्या खांद्याले तूप-हळद लावत होतो," ते हळूच म्हणाले. "बैलं विकली तवापासून गोठा सुना. वाटलं, आता आपलं वझं त हेच ओढते. पट्टा म्हंजे गाडीचा खांदाच. म्हून जरासं चोळलं. 'उद्या जेवाले या' म्हून आवतनबी देलं."

"खांद्याले तूप लावतेत बाबा, पट्ट्याले नाई!" ताई ओरडली. "तुपानं तो सटकून राह्यला, म्हून जळून राह्यला. माह्या पेपराच्या दिवशीच काहून?" आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, ती फतकल मारून रडायला लागली.

एक ट्रक गेला, दोन जीपा गेल्या. खुशीनं हात हलवले, बोंबलली. सगळ्या गच्च भरलेल्या. कुणी थांबलं नाही.

मग खुशी टपरीत घुसली. "मावशी, चुलीतली राख द्या! साबण बी द्या, अन् फडके!"

"गाडी घासतं का भांडे?" पार्बताबाईंनी विचारलं, पण घमेलं भरून दिलं.

गोवर्धनरावांनी पाना घेऊन बोल्ट ढिला केला आणि पट्टा काढला. हात पोळला तरी हूं की चूं केलं नाही. खुशीनं पट्ट्याला राख चोळली, तूप शोषलं की पुसलं, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. पट्टा फिरतो त्या चाकांच्या खाचाही बोट घालून घालून पुसल्या. ताई डोळे पुसत उठली आणि ओढणीच काढून तिच्या हातात दिली. पट्टा पुन्हा चढवला. चुलीजवळच्या लाकडानं रेटून ताण दिला, बोल्ट आवळला. इंजिनावर ओली पोती टाकून, काटा उतरायची वाट पाहत तिघं उभी राहिली. ते वाट पाहणं म्हणजे जीव टांगणीला!

गाडी निघाली. वास नाही. बोरगाव मंजू गेलं, तरी नाही. ताईनं पुन्हा हॉलतिकीट हातात घेतलं.

अकोल्याच्या वेशीवर मात्र पट्ट्याच्या फाटक्या कडेनं दगा दिला. आधी फटफट आवाज, मग तोच वास, मग एक फटका. लाल दिवा लागला.

"तुटला," खुशी म्हणाली. "बाबा, पंप बंद झाला. आता पळवली त इंजिन जाईन."

काटा चढत होता. ताईनं हॉलतिकिटाची घडी घातली. याच गाडीवर रोजचा भाजीपाला बाजारात जायचा, हे तिलाही ठाऊक होतं.

गोवर्धनरावांनी एकदा काट्याकडे पाहिलं आणि गिअर बदलला.

"बाबा, इंजिन बसंन!"

"बसू दे."

चौकामागून चौक गेले. वाफ, धूर, खडखडाट. काटा लाल पट्टीच्याही पलीकडे टेकला. शिपाई फाटक ओढत असताना व्हॅन त्याच्यासमोर जाऊन एक गचका देऊन मेली. ताई दार उघडून पळाली. "भाऊ, थांबा! एक राह्यली!" खुशी असं किंचाळली की शिपायाचा हात फाटकावरच थबकला. तेवढ्या फटीतून ताई आत गेली.

फाटक बंद झालं. गोवर्धनरावांनी किल्ली फिरवून पाहिली. इंजिन हूं करेना.

मागून मोटारसायकलवाला खेकसला, "काय जाळून राह्यले रे रस्त्यात?"

"आमची गाडी!" खुशी त्याच्यावरच ओरडली. "लय वझं ओढलं तिनं. आता उतरा, अन् धक्का मारा!"